हरणीची निगा

नागणसूर, १२ जानेवारी १९७५

ती. दादांस कुंडलिकचा सा. दंडवत, वि. वि.

तुमच्या सांगण्यावरून हरणीला गुरप्पाच्या ट्रकनं पाठवलीय. कारवानी कुत्रं शहरात रमत न्हाई, असं तुमची भावजय मायाक्का ट्रक सुटेपर्यंत म्हणत होती. पण थोरल्या भावाचा शब्द मला मोडवेना. दुष्काळात मायाक्कानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी घालून तिला वाढवली, म्हणून जरा लिहितो. तिची दोन पिल्लं आता खायला लागलीत, त्यांची काळजी न्हाई.

सकाळी रिकाम्या पोटी मोकळ्या माळावर दमेस्तोवर पळू द्या. संध्याकाळीबी. दम जिरला की ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, मधनंआधनं अंडं. गोड नको. साखळीला बांधून ठेवू नका. आणि पोटभर खाल्ल्यावर अजिबात पळवू नका. या जातीचं पोट पिळतं आणि जीव जातो. बरगड्या दिसल्या म्हणून वहिनींनी कीव करू नये, बांधाच तसा हाय.

धाकट्यावर माया ठेवा.
कुंडलिक

सोलापूर, ९ मार्च

चि. कुंडलिकास अनेक आशीर्वाद.

अरे, कुत्री पाठवलीस की जावई? तुझं पत्र वाचून आम्ही पोट धरून हसलो. मला ऑफिस असतं. माळ कुठून आणू? माळी तिला फाटकापर्यंत फिरवून आणतो. वेताची खुर्ची आणि वहिनीचं लुगडं फाडलं, म्हणून साखळी लावली आहे. शिरा आणि बिस्किटं मात्र आवडीनं खाते. बरगड्या बुजल्या, हे मायाक्काला कळव. बंगल्यावर येणारा प्रत्येक जण थबकून पाहतो.

खुशाली कळवीत जा.
आबासाहेब

नागणसूर, १५ मार्च

ती. दादांस सा. दंडवत.

पत्र ऐकून मायाक्का जेवली न्हाई. दादा, जमत नसंल तर हरणीला परत द्या. तुमच्याकडं काय कमी पडलं असं मी कुणापाशी बोलणार न्हाई. गुरप्पा गुरुवारी तिकडं येतोय, नुसतं व्हय म्हणा.

तुमचाच,
कुंडलिक

सोलापूर, २६ मार्च

चि. कुंडलिकास आशीर्वाद.

गुरप्पा आला होता, पण रविवारी आमचे साहेब जेवायला यायचे होते, म्हणून त्याला रिकामा परत पाठवला. जेवणानंतर साहेबांना कारवानीची धाव पाहायची हुक्की आली. हरणीचंही मटण-भात खाऊन झालं होतं. पण त्यांना नाही कसं म्हणणार? मैदानावर नेऊन जीपमागं सोडली. काय पळाली म्हणून सांगू! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टर येईपर्यंत गेली. वाईट वाटून घेऊ नकोस, मुकं जनावर ते.

साहेब इतके खूश झाले की एक पिल्लू त्यांना देण्याचं मी कबूल केलं आहे. नर असेल तो गुरप्पाबरोबर पाठव.

सर्वांना आशीर्वाद.
आबासाहेब

नागणसूर, २ एप्रिल

ती. दादांस,

तुमचं पत्र मायाक्काला वाचून दाखवलं. टाळ्या वाजवल्या तेवढं गाळलं. ती उठून पिल्लांना माळावर घेऊन गेली, ती अंधार पडल्यावर आली.

पिल्लू मिळणार न्हाई. साहेबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. आजवर तुमचा शब्द कधी मोडला न्हाई. जानेवारीत मोडला असता तर बरं झालं असतं.

थोरल्यांच्या पाया पडायची रीत हाय, म्हणून पडतो.
कुंडलिक