पाणकणसाचा गाभा

१० फेब्रुवारी २००३, मढ

धरण यंदा पार रिकामं करणार आहेत, झडपा बदलायच्या आहेत. चौकीदार नवसूभाऊंनी आज स्वतः तसं सांगितलं. माझ्यासाठी याहून चांगली बातमी नाही. निरोगी पाणवनस्पतींच्या आत राहणाऱ्या बुरशीवर माझं काम आहे. ती झाडाला काही करत नाही, बाहेरून दिसतही नाही. पाणी हटल्यावर ती काय करते, ते इथे बसून पाहता येईल.

नवसूभाऊंच्या शेजारची खोली मिळाली. प्राचीचे बाबा जहाजावर, म्हणून तिला सोबत आणलंय. लेक चार वर्षांची आहे, आल्याआल्या चिखलात उतरली.

१६ फेब्रुवारी

काठावर गजराबाईंचं खोपट आहे, चार मेंढरं आहेत. पाणी मागे सरकलं की त्या खोपटही खाली हलवतात, दरवर्षी. चाऱ्यासाठी असावं.

पाणकणीस म्हणजे काठच्या पाण्यात उगवणारं उंच, कणसाचं गवत; त्याचे तुकडे मी स्पिरिटने आणि ब्लीचच्या पाण्याने धुते, मग बटाट्याच्या रसाच्या जेलीवर ठेवते. त्याआधी धुतलेला तुकडा एका वेगळ्या बशीवर नुसता टेकवते. ती बशी कोरी राहिली तर समजायचं, जे उगवलं ते आतलंच. गजराबाईंना हसू आवरेना. ‘पानाला एवढी आंघोळ? पोरीला घाला की राव!’

नव्या माणसाला पाणकणसाचा पांढरा गाभा खायला देण्याची त्यांच्यात रीत आहे. माझ्या हातांना औषधं लागली होती, मी नको म्हटलं. प्राचीने आवडीने खाल्ला, आणखी मागितला.

९ मार्च

बशीत काळी बुरशी उगवली, प्रत्येक कापाच्या कडेने. काठावर वाळलेल्या पाणकणसांवर तिचेच काळे ठिपके आलेत. ठिपके फुटले की काळी धूळ वाऱ्यावर जाते आणि दांडा आतून पोकळ होतो. हातात घेतला तर वजनच लागत नाही. फार सुंदर नमुना मिळाला.

प्राची दिवसभर गजराबाईंकडे असते. इथे आल्यापासून साधी शिंकलीही नाही.

२ एप्रिल

सामान आणायला प्राचीला घेऊन आळेफाट्याला गेले. एसटी ओतूरच्या पुढे गेली आणि ती पाणी मागू लागली. बाटली संपली तरी ओठ कोरडेच. नखांखाली काळे ठिपके. डॉक्टर म्हणाले, उन्हाने झालंय, आणि मलम दिलं. परत आल्यावर ती चपलांसकट पाण्यात बसली. संध्याकाळपर्यंत ठिपके गेले.

३ एप्रिल

करायला नको होतं, पण केलं. तिच्या नखाचा तुकडा कापला, पाणकणसासारखाच धुतला, आधी टेकवला, मग बशीत ठेवला.

८ एप्रिल

टेकवलेली बशी कोरी आहे.

दुसरीत कापाच्या कडेने काळे धागे.

गजराबाईंना दाखवलं. त्या घाबरल्या नाहीत. ‘आमच्यात समद्यांनाच हाय की. पाण्याकाठी काय व्हत न्हाई त्याला.’ पाण्यापासून लांब गेलेल्यांचं काय होतं, विचारलं. लेक नंदा कळंबला दिली होती, म्हणाल्या. तिथलं पाणकणसांचं तळं आटलं. मग मेंढरं वळवायला उठल्या.

झडपांचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा हातातली काठी खाली पडली.

२० एप्रिल

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणतात, मुलीला घेऊन या. कशी नेऊ? ओल्या चादरीत गुंडाळून जीपने निघाले. ओतूरलाच ठिपके कोपरापर्यंत चढले. परत फिरले.

बुरशी मारायच्या गोळ्या मागवून दिल्या. काहीच फरक नाही. आतलं मी कशाने धुऊ?

६ मे

गजराबाई आणि मी नवसूभाऊंच्या पाया पडलो. त्यांनाच रडू आलं. ‘वरून हुकूम हाय, बाई. माझ्या हातात काय न्हाई.’

पाणी रोज मागे जातंय. खोपट खाली, माझं बिऱ्हाडही खाली. भेगाळलेल्या गाळात दोन चुली. प्राचीला धरणाच्याच पाण्याच्या पिंपात बसवून पाहिलं — ठिपके जात नाहीत. विहिरीचं पाणीही चालत नाही. हेच हवं, जिवंत पाणकणसांत उभं असलेलं.

१४ मे

एक डबकं उरलंय, घोट्याएवढं; आता तेही पुरत नाही. गजराबाई त्यात बसून आहेत. प्राचीला मांडीवर घेतात, माझ्याकडे बघत नाहीत. त्यांच्या मानेवर —

आज मी गाभा खाल्ला. तिच्या आत जे आहे ते माझ्यातही असू दे.

१५ मे

गजराबाई नाहीत. डबक्याच्या कडेला त्यांचं लुगडं आणि — नवसूभाऊंनी एका हाताने उचललं. काही वजनच नव्हतं म्हणाले.

१६ मे, सकाळ

माणसं आलीत. उरलेलं पाणी दुपारी सोडणार, नवसूभाऊ सांगून गेले. डबक्याच्या तोंडाशी मी चिखलाचा बांध घातलाय, हाताने. टिकणार नाही.

प्राचीच्या गालांवर — सगळीकडे. दुखत नाही म्हणते. हसते. आई, मला हलकं हलकं वाटतंय.

वारा सुटलाय. चादर भिजवून तिच्यावर घालते, घट्ट धरते, वारा लागता कामा न —