सातव्या पायरीवरची हौसा

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची गर्दी ओसरली. घसा बसलाय. सुनंदा हळदीचं दूध देते आणि वर शेजारणीला सांगते, "आमचे हे गडावर दिवसभर बोलतात, घरी आले की मुके." खरं आहे. बायकोपुढे गाईडगिरी चालत नाही.

दुपारी फोन. सागर म्हणून कोणी, बिद्रीच्या बाजूचा. १६ तारखेला, रविवारी पूर्ण दिवसाची ट्रिप हवी, फक्त त्यांच्या घरची. सकाळी अंबाबाई, मग पन्हाळा. गाडी त्याची, गाईड मी. माणसं तीन: तो, बायको आणि आई. "सावकाश दाखवायचं बघा. बायकोला पाचवा म्हैना हाय." म्हटलं, आरामात दाखवू. तारीख लिहून ठेवली. माणूस बरा वाटला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा सागरचा फोन, पण बोलली त्याची आई. आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"गाईड का? त्ये दरवाजं-बुरूज ऱ्हाऊ दे. हौसाच्या पायरीवर न्यायचं बघा. सुनंनं नवस बोललाय. पायलीभर तांदूळ डोक्यावर घिऊन कोठी चढणार हाय."

मी हो हो म्हणत राहिलो. फोन ठेवला. ताट तसंच सरकवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकदा लिहूनच काढतो. कुठंतरी खरं असायला पाहिजे.

नऊ वर्षं झाली. पुण्याचे एक गृहस्थ होते. धान्याच्या कोठीच्या बाहेरच्या जिन्यावर, सातव्या पायरीत एक खळगा आहे, त्यात छत्रीचं टोक टेकवून त्यांनी विचारलं, "हे काय?" मला माहीत नव्हतं. पावसानं झिजला असेल, दगडच तसा असेल. पण गाईडच्या तोंडून "माहीत नाही" निघत नाही, हा आमच्या धंद्याचा रोग. तोंडाला आलं ते सांगितलं. वेढ्याच्या दिवसांत हौसा नावाची बाई होती, नववा महिना लागला तरी पायलीभर धान्य डोक्यावर घेऊन चढायची, वरच्या भोकातून कोठीत ओतायची. एक दिवस इथंच कळा आल्या. तिनं गुडघा टेकला, दगड खचला, पण धान्याचा दाणा सांडला नाही. बाळ सुखरूप.

गृहस्थांच्या बायकोनं डोळे पुसले आणि पायरीला हात लावला. तिथंच थांबायला हवं होतं.

पुढच्या पार्टीला पुन्हा सांगितली. मग बाळूनं ऐकली. तोही गाईड, माझ्यापेक्षा धाकटा, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतो. तीन वर्षांपूर्वी खळग्यात पहिलं हळदकुंकू दिसलं तेव्हा मी हसलो होतो. आता खण असतात, हिरव्या बांगड्या असतात.

नाव सुचेना म्हणून मावशीचं घेतलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिंमत करून सागरला फोन लावला आणि ऐन वेळी शेपूट घातलं. म्हटलं, कोठी दुरुस्तीसाठी बंद आहे, ट्रिप रद्द करू या.

"हरकत न्हाय की. उघडल्यावर येतो. सातव्यात येऊ न्हायतर."

सातव्यात! घाईनं म्हटलं, नाही नाही, रविवारपर्यंत उघडेल. माझं खोटं मलाच गिळावं लागलं.

मग तोच मोकळा झाला. लग्नाला अकरा वर्षं. दोन वेळा राहिलं आणि गेलं. या खेपेला पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय. "डॉक्टर म्हणालं, गाडीनं हळू न्या, पण ओझं उचलायचं न्हाय आणि जिना तर न्हाईच. मी सांगून थकलो. म्हणती, हौसाबाईनं दिलंय, तिचं तिला देणार. आई म्हणाली मी चढतो, तर म्हणती नवस माझा हाय."

म्हणजे काही झालं तर ते माझ्यामुळं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुनंदाला सांगितलं. मेथी निवडत होती. हात थांबले.

"तुम्ही केलेली गोष्ट? सगळी?"

"सगळी."

"आपल्या प्राजूच्या बाळंतपणाला मी गुपचूप जाऊन बांगड्या वाहिल्या होत्या तिथं. तुम्ही हसाल म्हणून बोलले नव्हते."

नातू दोन वर्षांचा झाला, आणि हे मला आज कळतंय. मग म्हणाली, "त्या पोरीला फोन करा आणि सांगा. आत्ता." मी केला नाही. तेव्हापासून बोलणं बंद. जेवण वाढते, पाणी ठेवते, पण एक शब्द नाही. मुका नवरा कसा असतो ते आता मला कळतंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एकटाच वर गेलो. धुकं होतं. ओल्या फडक्यानं खळगा पुसला, खण-बांगड्या पिशवीत भरल्या. काय मिळवणार होतो कोण जाणे. बाळू आला.

"काय करतोयस रं?"

सांगून टाकलं. तो आधी हसला. "मला वाटलं कुठल्या बखरीत वाचलास." मग म्हणाला, "कुणाला बोलू नको. लोक मारतील तुला. आणि खरं सांगू? आता ती तुझी ऱ्हायली न्हाय."

कोठीला एक चक्कर मारून येईपर्यंत खळग्यात कुणीतरी नवीन कुंकू लावलं होतं. ओलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मेसेज पाच वेळा लिहिला, पाच वेळा पुसला. "ताई, तुम्ही ज्या हौसाबाईला" … पुढं काय लिहायचं? उद्या तोंडानं सांगीन. अंबाबाईच्या देवळात. नाहीतर गडावरच्या तीन दरवाज्यात. कोठीच्या आधी नक्की.

१६ नोव्हेंबर, रविवार

जमेल तसं लिहितो.

सातला निघालो. सागर गाडी चालवत होता, मी शेजारी. मागे त्याची आई, बायको दीपाली, आणि दोघींच्या मध्ये तांदळाचं गाठोडं. दीपालीच्या माहेरचा, आजऱ्याचा घनसाळ. गाडीभर वास. एवढासा चेहरा तिचा, पण डोळ्यांत असा आनंद की मला बघवेना.

देवळात गर्दी, बोलता आलं नाही. खरं म्हणजे बोललो नाही.

तीन दरवाज्यात मी वीस मिनिटं नुसता नक्षीवर बोलत होतो. आई म्हणाली, "दगडं बघायला आलो न्हाय आमी, पावणं." दीपाली हसली. "तुमी मला वळाकलं न्हाईसा. औंदा गुढीपाडव्याच्या सुमाराला आमच्या बचत गटाची गाडी आलती. तुमीच सांगितलासा. दाणा सांडला न्हाय म्हणालासा, तवा अंगावर काटा आला बघा. तिथंच बोललो मी नवस. तीन म्हैन्यांत दिवस ऱ्हायलं." मला त्या बाया आठवतात. तिचा चेहरा आठवत नाही. मी त्या दिवशी फार छान सांगितलं होतं, एवढं मात्र आठवतं. लाज वाटली.

वाटेतल्या सज्जा कोठीशी सांगणार होतो, तर आईनं डबा उघडला. धपाटे आणि दही. माझ्या हातात पहिला धपाटा दीपालीनं ठेवला. खाल्ला.

मग धान्याची कोठी. तिनं पदर खोचला. डोक्यावर चुंबळ ठेवली. सागरनं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, तो माझ्याकडे बघत होता, तुम्ही तरी काही बोला असं. आई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. गाठोडं डोक्यापर्यंत गेलं.

"ताई, थांबा. हौसा नव्हतीच. ही गोष्ट मी रचलीय."

सागरचे हात तसेच वर. आईला वाटलं मी जिना टाळायला सांगतोय. "काय बी बोलू नगा." मी पुन्हा सांगितलं, सगळं. पुण्याचा माणूस, छत्री, माहीत नाही म्हणायची लाज. सागरनं गाठोडं खाली ठेवलं आणि माझा शर्ट धरला. नुसता धरून ठेवला. आई बोलली. ते लिहीत नाही, पण खोटं त्यात एकही नव्हतं.

दीपाली खालच्याच पायरीवर बसली. मग म्हणाली,

"मग मी कुणाला बोललो नवस?"

सागरनं शर्ट सोडला.

"आन् ह्ये कुणी दिलं?" पोटावर हात ठेवून. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरनं, ताई. तुमच्या नशिबानं. हौसानं नाही."

"नाव कुटनं आणलासा?"

सांगितलं. हौसा माझी मावशी, कळे गावची. माझी आई बाळंतपणात गेली, मला मावशीनं वाढवलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. देवदेव केले, उपास केले, नाही झालं. वर्षभर लोकांच्या शेतात राबायची, डोक्यावर ओझी वाहायची. गोष्टीत तिला बाळ दिलं, एवढंच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

दीपालीनं चुंबळ काढून माझ्यापुढे धरली.

"म्हंजे तुमी तिचं लेकरू. मग तुमी चढा."

आई म्हणाली, "नवसात असली अदलाबदल चालतीय व्हय?" दीपाली म्हणाली, "बाईच खोटी म्हटल्यावर चालना तुमास्नी, आन् लेकरू खरं हाय तर त्ये बी चालना." आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनंच चुंबळ माझ्या डोक्यावर बसवली. जोरात बसवली.

चढलो. एवढी वर्षं तो जिना चढतोय, ओझं घेऊन कधीच नाही. सातव्या पायरीवर पाय ठेवला नाही, ओलांडली.

वर गच्चीवर कुणी नव्हतं. भोकावर जाळी. गाठोडं सोडून घाईनं ओतलं, धाप लागलेली. निम्मा तांदूळ जाळीवर आपटून गच्चीभर उडाला. गोळा करायला हवा होता. खाली तिघं वाट बघत होते. चिमण्या उतरल्या. रिकामं कापड झटकलं आणि उतरलो.

"झालं?" दीपाली.

"झालं."

तिनं मला वाकून नमस्कार केला, अवघडलेली. मला मागं सरकायलाही सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुनंदाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा ठेवू?" सात दिवसांनी.

सांडलेल्या तांदळाचं तिला बोललो नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

साताऱ्याचं कुटुंब. त्यांच्यातल्या एकानं खळगा दाखवून विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. जग बुडालं नाही. त्याचं तोंड मात्र उतरलं.

शेजारी बाळूची पार्टी. तो सांगत होता, "आणि ज्या बाईला चढवत न्हाय, तिच्या भावानं ओझं न्यायचं, अशी इथली रीत हाय." ही रीत आठ दिवसांची आहे; मला ओझं घेऊन चढताना त्यानं लांबून बघितलं असणार. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

दुपारी सागरचा फोन. दीपालीला कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलंय. सकाळपासून पोटात दुखतंय. सहावा नुकता लागलाय. डॉक्टर म्हणतात, जेवढे दिवस निघतील तेवढे निघू देत. अंथरुणातून हलायचं नाही. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

मग आईनं फोन घेतला. आज आवाज बारीक.

"दादा, येक इचारू? त्या दिशी तांदूळ समदं आत गेलं न्हवं? वर सांडलं न्हाय न्हवं?"

"नाही सांडलं, आई."

"मग बरं." फोन ठेवला.

मला माहीत आहे, तांदळाचा आणि टाक्याचा काही संबंध नाही. मी स्वतः रचलेली गोष्ट आहे. दाणा सांडला नाही हे वाक्य माझं आहे. ते म्हणताना कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, ते सुद्धा मीच बसवलंय. तरी दिवसभर तेच डोक्यात.

सुनंदाला शेवटी सांगितलं. ती उठली, डब्यातून पायलीभर तांदूळ मोजून काढला आणि गाठोडं बांधून माझ्यापुढे ठेवलं. आमचा साधा कोलम, घनसाळ नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

पहिल्या एसटीनं वर गेलो. चुंबळ सुनंदानं जुन्या लुगड्याची करून दिली होती. कुणी बघत नव्हतं, तरी डोक्यावरूनच नेलं. मध्ये थांबलो नाही.

गच्चीवर बसलो जाळीशी आणि मूठ मूठ सोडायला लागलो. जाळी बारीक, दाणे अडकतात, बोटानं ढकलावे लागतात. दीडेक तास लागला. एक दाणा फटीत उडाला, तो नखानं काढला आणि आत टाकला. चिमण्या येऊन बसल्या होत्या, त्यांना काही मिळालं नाही.

उतरताना सातव्या पायरीवर बसलो. म्हटलं, मावशी, तुझ्या हातात काही नाही हे मला माहीत आहे. असतं तर तुझंच झालं असतं. तरी एवढं एक बघ. आणि हात जोडले. मी.

डोळे उघडले तर खाली एक बाई उभी. एकटीच आलेली, हातात चपला. तिनं मला काही विचारलं नाही. वर आली, मी जिथं हात जोडले होते तिथं डोकं टेकवलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागली.

तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती पुटपुटत होती तोवर बाजूला सरकून तिला जागा दिली आणि खिशातला फोन काढून बघितला.

सागरचा फोन अजून नाही.