आंबेनळी घाटात गाडी बंद पडली तर

दासगाव (ता. महाड),
१८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अब्बांस,
तुमच्या सुम्बुलचा अस्सलामु अलैकुम. वि. वि.

सुट्टीवर आलेले साहिलभाई परवा कुवेतला परत निघालेत, त्यांच्याबरोबर हे पत्र पाठवते आहे. अम्मीने मसाला आणि सुकट दिली आहे. पत्राला सुकटीचा वास लागला तर दोष तिचा. तुम्ही म्हणाल, रोज फोनवर बोलतो तर पत्र कशाला? पण फोन अम्मीचा असतो. तिचं तुम्हाला रागावून होईपर्यंत बॅटरी संपते. म्हणून कामाचं ते पत्रात.

काम असं आहे. हायवे चौपदरी झाल्यापासून गाड्या पोलादपुरात न थांबता सुसाट जातात. मुरादचाचांच्या गॅरेजची पाटी कुणी वाचत नाही. क्रेन आणि पिकअप दोन्ही दिवसदिवस उभ्या असतात. महाबळेश्वरच्या वाटेवर घाटात गाडी बंद पडली की लोक आता पाटी शोधत नाहीत, मोबाईलवर शोधतात. तिथे पहिल्या पानावर मुंबईतले दलाल बसलेत. पोलादपूरची नंबर एक सेवा म्हणून स्वतःची जाहिरात करतात आणि पोलादपूर कोणत्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक नाही. गिऱ्हाइकाचा फोन ते घेतात आणि क्रेनसाठी पुढे फोन कुणाला करतात? आपल्याच चाचांना. मधली मलई त्यांची, घाटातला चिखल आपला.

म्हणून मी गॅरेजची वेबसाईट बनवली आहे. महाडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकले ते कुठेतरी कामाला येऊ दे. सध्या ती शोधली तर तिसऱ्या पानावर दिसते. घाटात अडकलेला माणूस तिसऱ्या पानापर्यंत जात नाही, हे मलाही कळतं. ती पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर आणायची आहे. तेवढं जमलं की चाचांना दुसरा ड्रायव्हर लागेल, आणि बंद गाड्या ओढून नेणारी रिकव्हरीची गाडी तुमच्याइतकी चांगली कोण चालवतं? तुमचं कंपनीचं ॲग्रिमेंट संपत आलंय ना? माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

लोभ आहे तो ठेवावा, आणि कोणत्याही कागदावर सही करण्याआधी मला विचारावं.

तुमची लाडकी,
सुम्बुल


फहाहील, कुवेत
२२ सप्टेंबर २०२४

चि. सुम्बुल हिस,
अ. उ. आ. आणि भरपूर दुआ. बघ, शाळेत शिकवलेलं अजून विसरलो नाही.

तुझं पत्र रूमवर सगळ्यांना वाचून दाखवलं. सुकट त्याआधीच संपली. माझी मुलगी वेबसाईट बनवते हे सांगण्यासाठी मी हल्ली मेसच्या रांगेत अनोळखी माणसांशी ओळख काढतो. काल एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, माणसाला सांगितलं. त्याला हिंदी येत नाही, मला अरबी जेमतेम येते, पण त्याने माझी पाठ थोपटली, म्हणजे मुद्दा पोहोचला.

आता खरं बोलतो. मला यावंसं वाटत नाही असं नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी इथे आलो. तुझी दहावी फोनवर, तुझी पदवी फोटोत पाहिली. पण तुझ्या धाकट्या भावाचं, मुसैबचं, शिक्षण अजून व्हायचंय, आणि मुरादच्या ताटातला घास मला अर्धा करायचा नाही. कंपनीला जानेवारीअखेर उत्तर हवं आहे. तोपर्यंत मुरादला एकट्याला काम झेपेनासं झालं, तर मी सही करत नाही, घरी येतो. नाही झालं, तर अजून तीन वर्षं इथेच. अट सरळ आहे.

मीही हात बांधून बसलेलो नाही. ऑफिसातल्या एका मल्याळी पोराने सांगितलं, दुकानाला तारे मिळाले की दुकान वर चढतं. तेव्हा एक छोटंसं काम मी इथून उरकलं आहे. काय ते तुला दिसेलच. बापाला कमी समजू नकोस.

अम्मीला सांग, औषध वेळेवर घेतो. तुझ्यावरचा लोभ तर आता मावत नाही.

तुझा,
अब्बा


दासगाव,
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अब्बांस,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

दिसलं.

एका शुक्रवारी, नमाज आणि बिर्याणी झाल्यावर तासाभरात पोलादपूरच्या गॅरेजला बेचाळीस माणसांनी पाच-पाच तारे दिले. सगळे कुवेतहून. एकाने अरबीत कौतुक केलंय. तिघांनी एकच मजकूर लिहिलाय, त्यातल्या चुकांसकट. एकाने इथला चहा फार छान असतो म्हटलंय. अब्बा, आपल्या गॅरेजमध्ये चहा मिळत नाही. आंबेनळी घाटात ज्याची गाडी बंद पडली तो फहाहीलमध्ये बिर्याणी खात कसा बसला असेल, हा प्रश्न तुमच्यातल्या कुणालाच पडला नाही?

गुगलला पडला. हे सगळं बनावट आहे असं ठरवून त्याने आपलं गॅरेजच नकाशावरून काढून टाकलं. आता नाव घालून शोधलं तरी मिळत नाही. दलाल आहेत तिथेच आहेत. आणि हे ऐन दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा अख्खी मुंबई घाट चढून महाबळेश्वरला जाते. चाचांचं म्हणणं, आपली पाटीच बरी होती, ती पुसायला कोण येत नाय. मला चिडवायला म्हणाले नाहीत, हेच जास्त लागलं.

मी रागावले आहे आणि त्याहून जास्त घाबरले आहे. जानेवारी लांब नाही. तुम्ही आणखी तीन वर्षं तिथे राहिलात तर त्यात तुमच्या बेचाळीस तार्‍यांचा आणि माझ्या वेबसाईटचा हात असेल, हे मनातून जात नाही. अम्मीला अजून काही सांगितलेलं नाही.

पाटीचा, परवान्याचा, चाचा क्रेनसह उभे आहेत त्याचा फोटो जोडून अर्ज केला आहे. तुम्ही एवढंच करा, सगळ्यांना आपापले तारे काढून घ्यायला लावा. लोभ असावा, मदत तूर्त नसावी.

तुमची,
सुम्बुल


फहाहील, कुवेत
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सुम्बुल हिस,
अ. उ. आ. विशेष.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चुकलं माझं. दोन शुक्रवार मी रूमरूम फिरून तारे गोळा केले. एक पठाण ऐकेना. दिलेली वस्तू परत घेणं त्यांच्यात बसत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची समजूत घालायला दोन वेळा चहा पाजावा लागला. चहा छान म्हणणारा तोच. त्याला वाटलं, गॅरेज म्हटलं की चहा असणारच. आता एकही उरलेला नाही, मोजून घे.

पोरी, तुझं नाव निघालं की माझी छाती इतकी फुगते की डोकं खाली काय चाललंय ते बघत नाही. म्हणून हे झालं. तुला रडवलं असेल तर मला माफ कर.

पण एक सांगतो. घाट उतरताना ब्रेक तापले की नवशिका घाबरतो आणि पाय आणखी जोरात दाबून धरतो. तिथेच फसतो. जाणता माणूस गिअर खाली घेतो. गाडी हळू चालते, पण हातात राहते. तू आता गिअर खाली घे. पहिलं पान, पहिला नंबर हे जरा बाजूला ठेव. घाटात जाऊन बघ, अडकलेल्या माणसाला काय हवं असतं. कंपनीचा कागद टेबलाच्या खणात पडलाय. त्याची काळजी मी करतो.

अम्मीला मीच फोनवर सांगितलं. ती काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. लोभ कमी करू नये, एवढीच विनंती.

तुझा,
अब्बा


पोलादपूर,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप अब्बांस,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

गिअर खाली घेतला. डिसेंबरात अर्ज मंजूर झाला आणि गॅरेज नकाशावर परत आलं. पण त्याची वाट बघत मी बसले नाही. चाचांबरोबर क्रेनमध्ये बसून रोज घाटात गेले. अम्मीने आधी डोक्याला हात लावला, मग डबा दिला.

ज्याची ज्याची गाडी ओढली त्याला मी एकच गोष्ट विचारली, अडकल्यावर मोबाईलवर नेमकं काय लिहून शोधलंत? मी वेबसाईटवर इंग्रजीत बेस्ट टोइंग सर्व्हिस असं चाळीस ठिकाणी भरलं होतं. तसं एकानेही लिहिलं नव्हतं. कुणी लिहिलं होतं, गाडीतून जळका वास येतो. कुणी, ब्रेक लागत नाही घाट. एका बाईंनी घाबरून नुसतं मदत पोलादपूर एवढंच लिहिलं होतं. तेव्हा जुनं सगळं पुसलं आणि नवं पान लिहिलं: आंबेनळी घाटात गाडी बंद पडली तर. कोणत्या वळणावर रेंज मिळते, उभं कुठे राहावं, चाकामागे दगड लावा, तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, आणि शेवटी आपला नंबर. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीत. पान हलकं व्हावं म्हणून चाचांचा ईदच्या कपड्यांतला क्रेनबरोबरचा मोठा फोटो काढून टाकावा लागला, कारण त्याच्यामुळे कमी रेंजला पान उघडत नव्हतं. दोन दिवस चाचा माझ्याशी बोलले नाहीत.

अब्बा, ते पान चढत गेलं. सुटलेल्या लोकांनी घरी पोहोचून स्वतःहून दोन शब्द लिहिले. कुणी दुसऱ्याला पाठवलं, कुणी आपल्या वेबसाईटवर त्याची लिंक दिली. आज घाट, ब्रेक, क्रेन, काहीही शोधा, आपण सगळ्यांच्या वर आहोत. दलाल खाली गेले. त्यांच्यातल्याच एकाचा फोन आला होता, पान विकणार का म्हणून. मी नाही म्हटलं तेव्हा चाचांना इतका आनंद झाला की फोटोचा राग गेला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी चाचा कशेडी घाटाकडे क्रेन घेऊन गेले होते आणि इकडून आंबेनळी घाटातून साताऱ्याच्या एका कुटुंबाचा फोन आला. लहान मुलं, म्हातारी आजी. पिकअप गॅरेजसमोर उभी होती, पण न्यायला माणूस नव्हता. त्यांना अंधार पडेपर्यंत थांबावं लागलं. मी माफी मागितली आणि खरं ते सांगितलं, की दुसरा ड्रायव्हर आहे, पण तो कुवेतला असतो. आजीबाई म्हणाल्या, मग त्याला बोलावून का घेत नाहीस, वाट कसली बघतेस?

चाचा सांगतात, भाईला लिव, गाडी हाय, गिऱ्हाईक हाय, ड्रायवर नाय. तुमची अट पुरी झाली आहे. लोभ राहू द्या, तुम्ही या.

तुमची,
सुम्बुल


फहाहील, कुवेत
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुम्बुल हिस,
अ. उ. आ. विशेष.

तुझं पत्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडलं. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने कागद आणि पेन पुढे केलं. त्याने विचारलं, इथे काय कमी आहे, गावात जाऊन काय करणार? मी मोबाईल काढला आणि मराठीत लिहिलं, घाटात गाडी बंद. सगळ्यांत वर तुझं पान आलं. मी तिथेच उभ्या उभ्या ते शेवटपर्यंत वाचलं. मॅनेजरला मराठीचं एक अक्षर कळत नाही, म्हणून त्याला सांगितलं की हे माझ्या मुलीने लिहिलंय, आणि तेच तीनदा सांगितलं. त्याने पेन परत घेतलं आणि पाणी मागवलं. सुम्बुल, इतकी वर्षं या देशात मी पुष्कळ कमावलं, पण असा ताठ मानेने त्या ऑफिसातून कधी बाहेर पडलो नव्हतो.

रमजानच्या आधी येतो. २६ तारखेला, बुधवारी सकाळी मुंबईत उतरेन. हे पत्र माझ्याआधी दोन-तीन दिवस पोहोचेल.

आता नीट वाच. आपल्याकडची रीत मला माहीत आहे. आखातातून माणूस आला की दोन गाड्या भरून सगळं घर विमानतळावर. या वेळी तसं करू नका. मुराद, मुसैब आणि तू मुंबईला आलात तर घाटातला फोन कोण उचलणार? मी एस.टी. पकडून येईन. अम्मी चिडेल, तिला समजाव. अंघोळ, जेवण, गळाभेटी सगळं रात्री घरी. स्टँडवर उतरून मी सरळ गॅरेजला येतो. पहिली ड्युटी कुठली ते काढून ठेव, आणि उशीर झाला तर बोल, बाप म्हणून सोडू नकोस.

लोभ जन्माचा आहे, तो लिहायला नको. कामावर ठेवून घ्यावं, ही विनंती.

तुझा नवा ड्रायव्हर,
इरशाद