बाबांना पाडणारं मत

९ जानेवारी, शुक्रवार

झालं! पडलं माझ्या गळ्यात. आमच्या अबू हलीफा गावातल्या सातपुडा मराठी मंडळात ‘आपल्या गावचे नगराध्यक्ष’ यावर मीच बोलायचं. का, तर तोरणवाडीच्या माजी नगराध्यक्षाची मुलगी अख्ख्या कुवेतमध्ये मी एकटीच! दिवसभर हॉस्पिटलात सुया टोचून आल्यावर आता भाषण लिहा.

भाषण २३ तारखेला, आणि त्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. उभे दोघंच — नीरज आणि आमचा नवरोबा. उदय कालपासून आरशासमोर “बंधू-भगिनींनो” करतोय. उर्वी हसून हसून लोळली. लेकीलाही बापाची कीव नाही!

११ जानेवारी

घरी फोन केला. बाबांनी लगेच सुरू केलं — “सगळ्यांचं लिही, पण माझ्यावर अविश्वास ठराव आला तेव्हा आपल्यातलंच कोणीतरी फुटलं, ते आधी लिही. एका मतानं पडलो मी!”

इतकी वर्षं झाली, दर दिवाळीला नवा संशयित. मतदान गुप्त, त्यामुळे पुरावा शून्य. यंदा पाळी बाबांच्याच गटातल्या तुळशीदासकाकांची. बिचारे फराळाला आले आणि बोलणी खाऊन गेले.

१३ जानेवारी

मुझफ्फरभाई जेवायला होते. उदयबरोबर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत असतात, मूळचे आमच्या गावचेच. त्यांचे आजोबा बाबांच्या आधीचे नगराध्यक्ष. म्हणाले, “आजोबांच्याच शेळ्या बाजारात घुसल्या, तर स्वतः नेऊन नगरपालिकेच्या कोंडवाड्यात घातल्या. वर दंड भरला! आजी आठवडाभर बोलली नाही.”

काय हसलो! उदयही हसला, आणि लगेच म्हणतो, “मी अध्यक्ष झालो की मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात पहिलं गाणं उर्वीचं.” अरे, मंडळातल्या चारुताची मुलगी ज्ञानदा एवढी गोड गाते, तिचं काय? उर्वीच ओरडली, “बाबा, आय कान्ट ईव्हन सिंग!”

१६ जानेवारी

बाबा देवळात गेलेले बघून आईचा फोन. “भाषणात तुळशीदासभावजींचं नाव घेऊ नकोस हं. ते मत माझं होतं.”

“तुझं?” मी ओरडलेच! आई तेव्हा नगरसेविका होती, हे आमच्या कुणाच्या लक्षातच राहत नाही.

“नळाची पहिली लाइन यांनी आपल्या गल्लीत टाकली. वरच्या वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात. काय तोंड दाखवू त्यांना? यांना सांगून थकले. मी नगरसेविका होते, की नुसती यांची बायको?”

“आणि बाबा पडल्यावर?”

“हे रडले गं. मीच डोळे पुसले. ते पुसणं काही खोटं नव्हतं.”

धन्य आहे बाई! आधी हसूच फुटलं. मग इतका अभिमान वाटला तिचा!

१९ जानेवारी

पहिलं गाणं ज्ञानदाला दे, म्हणून उदयला पुन्हा समजावलं. “आपल्या मुलीला नको का मान?” म्हणे. अगदी बाबांचा जावई शोभतो! पालथ्या घड्यावर पाणी.

२३ जानेवारी, शुक्रवार

भाषण मस्त झालं. शेळ्यांना टाळ्याच टाळ्या! मग चिठ्ठ्या टाकून मतदान.

उदय एका मतानं पडला. घरी आल्यापासून डोकं धरून बसलाय — “आपल्यातलं फुटलं कोण?” मुझफ्फरभाईंवर संशय!

फुटले मी. उद्या सांगते. आज जेवू दे त्याला.