बामियानला पाठवायची मूर्ती

२६ एप्रिल २००९, रविवार, गुंगालिन, ऑस्ट्रेलिया

मूर्ती जाणार! आमच्या बौद्ध मंडळाच्या मीटिंगमध्ये आज पक्कं झालं. आणि सुचवली कुणी, तर चौथी नापास कांताबाईने. धर्मपाल साहेब, आमचे अध्यक्ष, सगळ्यांसमोर म्हणाले, "आजींना सुचलं ते आम्हाला सुचलं नाही." मी मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.

अफगाणिस्तानात बामियान आहे. तिथे डोंगरात कोरलेल्या भगवान बुद्धांच्या थोरल्या मूर्ती होत्या, त्या तालिबान्यांनी सुरुंगाने उडवल्या. नुसते कोनाडे उरलेत. टीव्हीवर बघून मी त्या दिवशी जेवले नव्हते. आता लढाईनंतर सगळं जग तो देश उभा करायला निघालंय, मग आपण बौद्धांनी काय पाठवायचं? मूर्तीच ना. माणसाएवढी, फायबरची, नागपूरहून.

आणि योग बघा – आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी मासूमा तिथलीच. नर्सिंग शिकते. लहानपणी काही वर्षं पाकिस्तानात काढली, म्हणून हिंदी छान बोलते. तिचं घर कोनाड्यांच्या अगदी समोर. मी म्हटलं, मग तिच्याच अंगणात बसवा, तिचे अब्बा राखतील. सगळ्यांनी हात वर केले.

२८ एप्रिल

घर कसलं, धर्मशाळा. माझ्या नातवाने, प्रज्ञेशने, खोली खोली भाड्याला दिलीय, गॅरेजमध्येसुद्धा दोन पंजाबी मुलं. युनीला, म्हणजे कॉलेजला जातात म्हणे. मला तर टॅक्सी चालवताना नाहीतर मॅगी खाताना दिसतात.

नातवाचंही कौतुक किती करावं. त्याचं ऑफिस त्याच अफगाणिस्तानला मदत करतं – सरकारचा पैसा, यांची कामं. आता साहेब चालले दुबईला, 'नीड्स असेसमेंट'. म्हणजे काय रे? "लोकांना काय हवंय ते शोधायचं, आजी." मग लोक दुबईत राहतात का? "तिकडे सिक्युरिटीचा इश्यू असतो ना." म्हणजे हॉटेलात बुफे जेवून दुसऱ्याच्या गावात संडास कुठे बांधायचा ते ठरवणार. गेल्या साली एक दवाखाना बांधला यांनी. चकचकीत. डॉक्टर नाही. फीत मात्र कापली, कापणारा विमानाने आला होता. ह्याला म्हणे डेव्हलपमेंट!

३० एप्रिल

थंडीने बोटं आखडलीत. हीटर लावला की प्रज्ञेश बिलाचं तोंड करतो.

२ मे

धर्मपाल साहेब घरी आले. जयभीम झाला, चहा झाला. बुद्धपौर्णिमेला मासूमाने स्टेजवर दोन शब्द बोलायचे. तिला बोलावलं. उभ्याउभ्याच म्हणाली, "जैसा आप ठीक समझें." आणि गेली खोलीत. बिस्किटसुद्धा उचललं नाही.

मीटिंग झाल्यापासून गप्पच आहे पोर. आधी माझ्याजवळ बसून पोळ्या लाटायची, नकाशे व्हायचे, पण लाटायची. भारावली असेल. एवढा मान कुणी दिलाय तिच्या घराला?

प्रज्ञेश मला म्हणतो, "तिच्या घरच्यांना तरी विचारा." हा मला शिकवणार! म्हटलं, आम्ही दुबईला जाऊन ठरवत नाही राजा, घरची मुलगी समोर बसवून ठरवतो.

४ मे

मूर्तीचा फोटो आला. डोळे किती शांत केलेत. बघत बसले, डाळ लागली.

५ मे

सकाळी मासूमाला म्हटलं, अब्बांना फोन लाव, अनावरण त्यांच्याच हातून करायचंय. ती खाली बसली. म्हणाली, "आजी, तालिबान ने अब्बा को रस्सी से बाँधकर पहाड़ से उतारा था. बारूद उन्हीं के हाथ से रखवाया." नाही म्हणणाऱ्याला त्यांच्यासमोर गोळी घातली होती.

तेव्हापासून अब्बांनी कोनाड्यांकडचं समोरचं दार विटांनी बुजवलंय. मागच्या भिंतीतून येतात-जातात.