पसंतीक्रमाची अकरावी दुरुस्ती

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
निवडीचं पत्र आलं. वय चौतीस, विषय गणित, पद शिक्षक. विमा कंपनीच्या खुर्चीतून आठ वर्षांनी सुटका.
यादीत तीन गावं, एक तळ्याकाठी, एक टेकडीवर, एक नदीकाठी; पसंतीक्रमाने भरायची. मुदत २४ तारखेपर्यंत. माझं ठरलंय. छोटं गाव, मोकळी हवा, शाळा सुटली की थेट निसर्ग. मी मुळात मैदानी माणूस आहे, आजवर मैदान मिळालं नाही एवढंच.
बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मी जिथे जाईन तिथे ती बदली मागणार. चार वर्षं तिच्या शिफ्टा आणि माझा अभ्यास, भेट म्हणजे दारातली. एक येतोय, दुसरा निघालाय. ती म्हणाली, गाव कुठलंही घे, दोघं संध्याकाळी एका घरात असलो की झालं. मी म्हटलं, निवड माझ्यावर सोड. तिने सोडली. थोडी चटकनच सोडली.

४ मार्च. दुपारी
शिक्षण कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी नियम सांगितला: मार्क सारखे असले तर ज्याचा फॉर्म आधी, त्याला जागा. फॉर्म कितीही वेळा दुरुस्त करता येतो, पण दरवेळी नंबर नव्याने लागतो, रांगेच्या शेवटी. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.
नियम धांदरट लोकांसाठी असावा.
ट्रेनिंगमधला माझा मित्र सोबत होता. त्याला आम्ही घाई म्हणतो, पेपर संपायच्या अर्धा तास आधी उठतो म्हणून. त्याने उभ्याउभ्या माझ्याच पेनाने फॉर्म भरला. पहिली पसंती तळ्याचं गाव. का, तर शाळेच्या फोटोत झाड बरं दिसलं. कीव आली. मार्क त्याचेही एकाहत्तर, माझेही एकाहत्तर. पण माझे समजून मिळवलेले आहेत.

५ मार्च
तक्ता केला. सत्तावीस निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. हवा, चढ, पाणी, सायकलचा रस्ता, सूर्योदय कुठून दिसतो, वगैरे. बायकोने वाचला आणि विचारलं, शाळा कुठे आहे यात. सव्विसाव्या क्रमांकावर आहे. तिने हॉस्पिटल शोधलं. ते राहिलं होतं. अठ्ठाविसावं केलं.

७ मार्च
डोंगरात वापरायचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, आधी घरात घालून नरम करा. आजपासून घरात बूट.

८ मार्च. सायंकाळी ६
सॅकमध्ये दोन शब्दकोश आणि इस्त्री भरून जिना चढायचा सराव. वॉचमनने विचारलं, लिफ्ट बंद आहे का. दुसऱ्या मजल्यावर निरीक्षणासाठी थांबलो. निरीक्षण वीस मिनिटं चाललं. उरलेले तीन मजले लिफ्टने, कारण इस्त्री हवी होती.
टाचेला फोड. बुटात दोष असणार.

९ मार्च, रविवार
तळ्याच्या गावी पाहणी. एकटाच गेलो, बायकोची ड्यूटी. सुंदर. तळं शाळेच्या मागेच. मुख्याध्यापिका स्वतः भेटल्या. गणिताच्या दोन जागा दोन वर्षं रिकाम्या, त्या स्वतः चित्रकला सांभाळून अपूर्णांक शिकवतात. मी होडीबद्दल विचारलं. त्यांनी मला, कधी येताय, असं विचारलं. मुलं चार किलोमीटर चालत शाळेत येतात म्हणाल्या. मी म्हटलं, वा, किती छान. त्यांनी माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं.
परतीच्या बसमध्ये मोबाइलवर फॉर्म भरला. तळं एक, टेकडी दोन, नदी तीन. रांगेत नंबर १४.
बायकोला सांगितलं, काळ्या दगडावरची रेघ.

१० मार्च
बायकोने चहाच्या सुट्टीत बदलीचा अर्ज दिला. तळ्याचं गाव. दहा मिनिटांत. तक्ता वगैरे काही नाही. म्हटलं, निदान पर्याय तरी ठेवायचास. म्हणाली, पर्याय तू आहेस ना ठेवायला.

१२ मार्च
तळ्याकाठी डास असतात. हे आजवर कुणी बोललंच नाही. तक्त्यात निकष एकोणतिसावा. टेकडी दोन गुणांनी पुढे. पहिली दुरुस्ती. नंबर ५८.
बायकोला सांगितलं नाही. दमून आली होती. शिवाय मधल्या पायऱ्या सांगायच्या नसतात, उत्तर सांगायचं असतं.

१५ मार्च, शनिवार
टेकडीचं गाव. शाळेपर्यंत तीनशे चाळीस पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर दृश्य पाहायला बसलो. पोस्टमन वर गेला. पोस्टमन खाली आला. पुन्हा वर जाताना त्याने विचारलं, काही निरोप द्यायचाय का वर.
गुडघा हा निकषच धरला नव्हता. नदी पहिली. नंबर १३१.
नंबर वाढतोय म्हणजे या जागांना मागणी आहे. माझी निवड योग्य असल्याचाच पुरावा.

१७ मार्च
घाईचा फोन. तो तळ्याच्या गावी भाड्याची खोली बघून आला. यादी लागायच्या आत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याने विचारलं, तुझं फायनल काय. म्हटलं, बारकाईने चाललंय.

१८ मार्च
सासरे आले. निवृत्त शिंपी आहेत. माझा तक्ता बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, कापड जास्त मोजत बसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. जाताना लेकीला हळूच म्हणाले, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ऐकू आलं. त्यांनी सहावीनंतर गणित सोडलंय, त्यामुळे वाईट वाटून घेतलं नाही.

१९ मार्च
नदीचा सराव म्हणून शहरातल्या जलतरण तलावावर पोहायला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात चांगला पोहतो. प्रशिक्षकाने पुढे जायला सांगितलं. नदी वाहती असते आणि तिथे कमरेएवढं पाणी कुठे संपतं ते लिहिलेलं नसतं. तळं पुन्हा एक. संध्याकाळी डास आठवले. टेकडी एक. रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा तळं. नंबर २६०.

२२ मार्च
बायकोने सहज विचारलं, फॉर्म आहे ना तसाच. म्हटलं, तळंच आहे. त्या क्षणी खरंच तळं होतं. तिने तिथलं भाड्याचं घर फोटोत दाखवलं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी. म्हणाली, संध्याकाळी इथे बसून चहा पिऊ, घड्याळ न बघता. मला गलबलून आलं.
मग मी खिडकीची दिशा विचारली. पश्चिम. उन्हाचा त्रास होणार. दुपारी टेकडी.

२४ मार्च. दुपारी ४.५०
शेवटचा दिवस. काल चार दुरुस्त्या झाल्या. शांत मनाने, सर्व बाबींचा विचार करून, अकरावी आणि अंतिम दुरुस्ती. तळं एक. नंबर ३८८.
म्हणजे १४ नंबरला होतं तेच उत्तर आलं. दोन रीतींनी सोडवून उत्तर तेच आलं तर ते बरोबर असतं.

२८ मार्च
बायकोची बदलीची ऑर्डर. तळ्याचं गाव, १० एप्रिलपर्यंत रुजू व्हायचं. ऑर्डर निघाली की जावंच लागतं. तिने लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला. घरी येऊन मला मिठी मारली, बूट घातलेले असताना. अर्धी मोहीम फत्ते.

२ एप्रिल. सकाळी ११
यादी लागली. चूक आहे. कार्यालयात जातो.

२ एप्रिल. दुपारी ३
चूक नाही. तळ्याच्या दोन जागा: एक घाई, एक कुणी एकाहत्तर मार्कांचीच बाई, नंबर ९७. टेकडी आणि नदीही आधीच्यांनी नेली. तिन्ही पसंत्या गेल्या की उरलेली जागा मिळते. मला मिळालेली शाळा आमच्या बिल्डिंगच्या मागे. आमच्या गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग दिसतो. मैदान नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तीन वर्षं बदली नाही. हेही दोनदा म्हणाल्या.
बायकोला काय सांगू. नियम सदोष आहेत हे सांगता येईल.

२ एप्रिल. सायंकाळी ७
सांगितलं. नियमांचं ऐकून घेतलं तिने. मग एवढंच विचारलं, पहिला नंबर किती होता. म्हटलं, चौदा. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. उठली आणि उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला.

९ एप्रिल
तिला बसमध्ये बसवून आलो. बॅगा मीच चढवल्या. घाई तिकडे स्टॅंडवर घ्यायला येणार आहे, त्याची बायको जेवायला थांबवणार आहे. चांगली माणसं.
बस सुटताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मी तो धरून थोडा चाललो. मग बसने वेग घेतला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तक्ता फाडून टाकला. मग मागची बाजू कोरी होती म्हणून चिकटवला.

१५ एप्रिल
शाळेचा पहिला दिवस. घरून तीन मिनिटं. बूट चावतात. मुलं बरी आहेत. एकाने विचारलं, सर, तुम्ही पाय का ओढता. म्हटलं, ट्रेकिंग.

२० एप्रिल, रविवार. सायंकाळी ६.३०
तिचा फोन. सकाळी ड्यूटीआधी तळ्याला चक्कर मारते म्हणाली. डास आहेत का विचारलं. म्हणाली, लक्ष नाही गेलं.
मग म्हणाली, जुन्या हॉस्पिटलच्या साहेबांनी फोन केला होता. तिची इथल्या लॅबमधली जागा अजून भरलेली नाही. परत यायचं असेल तर उद्या सकाळी अर्ज द्यावा लागेल, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. मग विचारलं, येऊ का परत.
मला काय झालं सांगता येत नाही. हो म्हणायला तोंड उघडलं. पण असे निर्णय भावनेच्या भरात घ्यायचे नसतात, एकदा पोळलोय. म्हटलं, सगळ्या बाजू नीट बघतो आणि बुधवारपर्यंत नक्की कळवतो.
तेवढ्यात फोन कट झाला. तळ्याकाठी रेंजचा प्रॉब्लेम असणार.