चौकटीबाहेरचा दीड इंच

बेतीस, पांपांगा
रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय कुया ओनोफ्रे,

धाकट्या बहिणीचा थोरल्या भावाला आदरपूर्वक नमस्कार. पालावानला तुम्ही सगळे खुशाल असाल, वहिनींचे गुडघे आता कुरकुरत नसतील आणि बोटींच्या कारखान्यातल्या भुशाने तुझा खोकला वाढला नसेल, अशी आशा आहे. इमा बरी आहे. जिना चढते, आणि चढता चढता मला बोलते, म्हणजे आईसाहेबांचा दमही शाबूत आहे.

पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला तातांगना जाऊन वर्ष होईल. वडिलांसाठी घातलेले काळे कपडे उतरवायचा दिवस. इमाने तुला दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा तू 'बघतो' म्हणालास, म्हणून त्याबद्दल मी लिहीत नाही. मी लिहिते आहे चौकटीबद्दल. त्या दिवशी भिंतीवर आपल्या चौघांचा फोटो हवा असे इमाने ठरवले, आणि चौकट मी करते म्हणून बसले. सुतारांच्या गावात चौकट विकत मिळते, हे मला कळते. पण माळ्यावर नार्राच्या लाकडाच्या चार पट्ट्या सापडल्या, तातांगनी स्वतः रंधा मारून ठेवलेल्या, पाठीवर पेन्सिलीने 'फोटोसाठी' लिहिलेल्या. त्या परक्या हातात द्यायला मन होईना. शिवाय अठरा वर्षे मी मुलांना पंचेचाळीस अंशांचा कोन शिकवते. (रोजनिशीत त्या दिवशी मी 'एका दुपारचे काम' असे लिहिले आहे. खोडलेले नाही. असू दे.)

आखणी अचूक होती. चौरस कागद कर्णावर दुमडला की पंचेचाळीस अंश हातात येतात, त्याला गुण्याही लागत नाही. करवतीला मात्र भूमिती येत नाही. शिलाईच्या टेबलावर पट्टी डाव्या हाताने दाबून कापायला लागले, तर वरून रेघेवर चाललेली करवत खालच्या अंगाला भलतीकडेच निघालेली. तरी चारही तुकडे गोंद लावून जोडले, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळले. तीन कोपरे मिटले आणि चौथा तोंड वासून बसला. मी रात्रंदिवस चौथ्यालाच दोष देत होते. नंतर आकडेमोड केली तेव्हा कळले की चूक चौघांचीही होती, थोडी थोडी. शेवटी जो जोडला त्याच्या वाट्याला सगळी फट आली. (इथे मला आणखी काही लिहायचे होते, पण तू म्हणशील मास्तरीण झाली.)

मग दुरुस्ती. एक बाजू जराशी कापली की समोरचीही तेवढीच कापावी लागते, नाहीतर चौकट लंगडते. असे पाच वेळा झाले. कुंपणापलीकडून सीमोआजोबा रोज पाहत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, चौकट करतेस की दातकोरणी? तुझा कुया डोळे मिटून कापायचा." खोटे नाही. पण तुझ्यापाशी तिरप्या खाचांचे ते लाकडी खोके होते, ज्यात पट्टी ठेवली की करवतीला भटकायला वावच उरत नाही. नऊ वर्षांपूर्वी भांडून निघताना ते तू घेऊन गेलास. तातांगनी दुसरे केले नाही, हे तुला माहीत नसावे. कोणी चौकट करून मागितली की सांगायचे, "खोकं पालावानला कामाला गेलंय."

आता परिस्थिती अशी. फोटो बारा इंच रुंद, चौकटीत मावतो साडेदहा. माझ्या पदवीच्या दिवशीचा तो फोटो. डावीकडे तातांग, मग इमा, मग मी, आणि उजव्या काठाला तू, तेव्हाही जरा लांबच उभा. दीड इंच म्हणजे बरोबर तू. मी इमाला भीत भीत म्हटले की काठ थोडा दुमडला तर? ती म्हणाली, "तिघांच्या फोटोत मधला आधी जातो. मधे मी आहे." मी म्हटले, तातांग काठाला होते आणि तेच आधी गेले, म्हणजे तो नियम मोडलाच ना. "तुझं गणित शाळेत ठेव," ती म्हणाली. "ओनोफ्रेला कापायचं नाही."

वहिनींना नमस्कार. वाळवलेली मासळी मिळाली, इमाने ती शेजारी कोणाला दिली नाही.

तुझी,
फेलिसा

ता. क. माळ्यावर पाचवी पट्टीही आहे, लांबलचक. तिच्यात दोन नव्या बाजू सहज निघतील, पण मी तिला हात लावणार नाही. ते खोके लागेल.

ता. क. २. इमा म्हणते, टपालाने पाठवू नये, खाचा बिघडतात. हाताने आणावे.

ता. क. ३. पाचव्यांदा कापायची खरोखर गरज होती का, हे मी रोजनिशीत स्वतःला विचारले आहे. उत्तराची जागा कोरी आहे.

ता. क. ४. तुझ्यापासून लपवणे बरे नाही, म्हणून लिहिते. काल ग्वाग्वा गावातल्या फोटोवाल्याकडे गेले होते. हाच फोटो लहान छापून मिळेल का, विचारले. तो म्हणाला, "तुमच्या आई मंगळवारी हेच विचारून गेल्या. दहा मिनिटांचं काम आहे म्हटलं, तर म्हणाल्या, लेकीला सांगू नका." मीही त्याला सांगून आले, की मी आले होते हे आईला सांगू नका.